जाऊबाईंची तक्रार हीच शिफारस

ताई, सप्रेम नमस्कार.

मला आठवा महिना चालू आहे, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. सासर पाचगावला, माहेर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत पंचगंगा तालमीजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी होणार, नाव राजारामपुरीतल्या एका प्रसूतिगृहात घातलंय. बाळासाठी डॉक्टर कोण, यावरून मात्र घरात एकमत होईना. सासूबाई म्हणतात, आपले फॅमिली डॉक्टर आहेत की, ह्यांना लहानाचं मोठं त्यांनीच केलं, त्यांच्या हाताला गुण आहे. नणंद राजारामपुरीतल्या एका नावाजलेल्या बालरोगतज्ज्ञांचं नाव घेते. तिथं सकाळी सातला जाऊन नंबर लावावा लागतो, पण 'एका डोसात ताप उतरतो' असं ती सांगते. तिसऱ्या म्हणजे आमच्या प्रसूतिगृहात बाळं तपासायला येणाऱ्या बाई डॉक्टर, त्यांचा दवाखाना शाहूपुरीत आहे. जाऊबाई वर्षभर मुलाला त्यांच्याकडं नेत होत्या, मग सोडलं. म्हणतात, 'औषधच देत नाही, नुसती बोलत बसते आणि फी मात्र पूर्ण घेते.' माझे मिस्टर गोकुळ शिरगावला कंपनीत आहेत, त्यांना शिफ्ट असते. रात्री काही झालं तर मी आणि आई-बाबाच. नेटवरचे स्टार बघून बघून मी थकले. ताई, तुम्ही लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होता. नाव सांगाल का? आणि सासूबाईंना कसं सांगू, तेही सांगा.

शुक्रवार पेठेतली वाचक

---

अगं, तिघांपैकी एकालाही मी ओळखत नाही, त्यामुळे अमुक डॉक्टर चांगले असं नाव घेऊन सांगणं माझ्याकडून व्हायचं नाही. पण तुझ्या पत्रावरून माझा कल कुणाकडं झुकला ते लपवत नाही. जाऊबाईंनी सोडलेल्या त्या बाई डॉक्टरांकडं. औषध देत नाही, नुसती बोलत बसते, ही तक्रार मी नोकरीच्या काळात वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर फार वेळा ऐकली आहे, आणि ती बहुतेक वेळा चांगल्या डॉक्टरांबद्दलच ऐकली आहे.

लहान बाळाला वर्षभरात सर्दी-खोकला अनेकदा होतो. तो बहुतांशी विषाणूंमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, आणि आठ-दहा दिवसांत तो आपोआप जातो. या दिवसांत डॉक्टरांनी करायचं ते काम म्हणजे बाळाचा श्वास मोजणं, छाती ऐकणं, कान बघणं, दूध किती पितंय ते विचारणं आणि आईला सांगणं की अमुक दिसलं तर रात्री दोन वाजता सुद्धा या, नाहीतर घरीच राहा. याला पंधरा मिनिटं लागतात आणि चिठ्ठीवर फार काही उमटत नाही. उलट तीन बाटल्या लिहायला एक मिनिट पुरतं, आणि नातेवाईकही समाधानानं घरी जातात. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं खोकल्याच्या विषारी औषधानं मुलं दगावली, ते तू वाचलं असशील. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देण्यासारखी नाहीत. म्हणजे जाऊबाईंच्या लेकाला सिरप न देणाऱ्या डॉक्टर आपलं काम चोख करत होत्या. त्यांनी फी घेतली ती तपासण्याची आणि सांगण्याची. ती द्यायलाच हवी.

आता नणंदेच्या डॉक्टरांविषयी. गर्दी आहे म्हणजे डॉक्टर वाईट, असं मी अजिबात म्हणणार नाही. कोल्हापुरात जिल्हाभरातनं आणि पलीकडून कोकणातनं, कर्नाटकातनं माणसं येतात, चांगल्या हाताकडं रांग लागतेच. पण तुझा विचार कर. टाके ओले आहेत, दर दोन तासांनी पाजायचंय, आणि तू अकरा दिवसांचं बाळ घेऊन खोकणाऱ्या पोरांच्या मधोमध बसलेली आहेस. नंबर लागल्यावर चार मिनिटं मिळणार, त्यात तू विचारायचं ठरवलेलं निम्मं विसरणार. नवजात बाळाच्या आईला हे परवडत नाही. मूल तीन-चार वर्षांचं झालं, एखादा अवघड आजार निघाला आणि त्यांचा सल्ला घ्यावासा वाटला, तर तेव्हा खुशाल जा.

आणि 'एका डोसात ताप उतरतो' या वाक्याची मला भीती वाटते, ती का ते सांगते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर तो घरी उतरवायचा नसतो. पॅरासिटामॉलचे थेंब देऊन सकाळची वाट बघायची नसते. एवढ्या लहान जीवाला ताप हे रक्तातल्या, लघवीतल्या किंवा मेंदूच्या आवरणातल्या जंतुसंसर्गाचं एकच लक्षण असू शकतं, आणि कारण शोधायला ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. मोठ्या मुलातसुद्धा ताप किती लवकर उतरला यावर डॉक्टर जोखू नये. तो का आला, हे त्यांनी शोधलं का, यावर जोखावं.

फॅमिली डॉक्टरांना घरातून काढायचं नाही. सासूबाईंचा, मामंजींचा बीपी, तुझा स्वतःचा थकवा, मिस्टरांची पाठ, हे सगळं त्यांच्याकडंच राहू दे. घराची तीस वर्षांची नाडी ज्याला माहीत आहे असा माणूस आज पैसे देऊन मिळत नाही. पण नवजात बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. औषधाचा डोस किलोवर ठरतो. श्वास मिनिटाला ४० ते ६० हा त्याला नेहमीचा. काविळीचा आकडा किती चालेल हे जन्मापासूनच्या तासांवर बघावं लागतं. हे रोज करणाऱ्याच्याच हातात सोपवावं. चांगल्या फॅमिली डॉक्टरांना हे ठाऊक असतं, आणि तू जाऊन 'डॉक्टर, बाळाला कुणाकडं दाखवू?' असं त्यांनाच विचारलंस तर ते रागावणार नाहीत, उलट एखादं नाव सुचवतील. त्यांचं मत माझ्या मतापेक्षा जास्त कामाचं आहे, कारण गावातल्या बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलेले पेशंट परत कसे येतात हे त्यांनी पाहिलेलं असतं.

डॉक्टर निवडताना आपण सगळे आजारपण डोळ्यांसमोर ठेवतो. पण पहिल्या वर्षात तू डॉक्टरांकडं जाशील ती बहुतेक वेळा बाळ ठणठणीत असताना. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस, मग नवव्या महिन्याचा, मधे वजनाला. खरं काम तिथं होतं. बाळाचे सगळे कपडे काढून वजन करतात का? लांबी आणि डोक्याचा घेर मोजतात का? आणि ते आकडे तक्त्यावर ठिपका मारून तुला दाखवतात का? पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत उतरलं तर बहुधा घाबरण्यासारखं नसतं. दोन आठवड्यांपर्यंत ते भरून यायला हवं, आणि पुढं दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ दिसायला हवी. ही रेघ वर चालली आहे की आडवी पडली आहे, हे शेजारणीच्या 'गुटगुटीत नाही गं' पेक्षा कितीतरी खरं बोलते. हृदयाचे ठोके, मांड्यांचे सांधे, डोळ्यात उजेड टाकून बघणं, पहिल्या महिन्यात ऐकू येतं का ते बघणारी कानांची ओएई चाचणी, थायरॉइडसाठी रक्त, रोजचे ड जीवनसत्त्वाचे थेंब. याचा विषय तू काढण्याआधी ज्या डॉक्टर स्वतः काढतात, त्यांच्याकडं बाळ द्यायला हरकत नाही.

सगळ्यात मोठी परीक्षा मात्र दुधाची. इथं मी जरा थांबणार आहे, कारण कोल्हापुरात दुधाला तोटा नाही आणि तरी बाळंतिणीला सगळ्यात पहिला टोमणा 'दूध पुरत नाही' हाच मिळतो. बाळ दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सारखं रडेल, सारखं छातीला मागेल. आई म्हणेल, पोट भरत नाही गं त्याचं. मावशी म्हणेल, वाटी-चमचा आणा. अशा वेळी तू डॉक्टरांकडं गेलीस की दोन प्रकारचे डॉक्टर भेटतात. एक पावडरच्या डब्याचं नाव लिहून देतात. दुसरे म्हणतात, इथंच पाज बघू माझ्यासमोर. मग बाळाचं तोंड स्तनाला नीट लागलंय का, नुसतं टोक तोंडात आहे की आजूबाजूचा काळा भागही आहे, गिळल्याचा आवाज येतोय का, ते बघतात. दिवसाला लंगोट किती ओले होतात ते विचारतात. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त ओले होत असतील आणि वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. काही बाळांना खरोखर वरचं दूध लागतं, पण ते वजनाचा काटा बघून, कारण शोधून आणि काही दिवसांसाठी. पहिल्या भेटीत, रडणं ऐकून, डबा लिहिणाऱ्या डॉक्टरांकडं पुन्हा जाऊ नकोस.

दवाखान्याच्या भिंतीही बघ. बाळाच्या पावडरीच्या किंवा दुधाच्या बाटलीच्या कंपनीचं कॅलेंडर, वजनाच्या तक्त्यावर डब्याचं चित्र, टेबलावर कंपनीचं पेनस्टँड. आपल्याकडं १९९२ पासून कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला, आणि त्यानुसार अशा कंपन्यांना जाहिरात करायला आणि डॉक्टरांना भेटवस्तू द्यायला मनाई आहे. भिंतीवर अशी चित्रं ठेवणाऱ्या जागी तुला दुधाबद्दल निखळ सल्ला मिळेल, यावर माझा विश्वास नाही.

कावीळ. निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी होते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त दिसते, आणि बहुतेकांची आपणच ओसरते. आता गोची अशी की साध्या बाळंतपणात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळतो आणि कावीळ चढते घरी. म्हणून घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत बाळ परत दाखवायलाच हवं. डिस्चार्जच्या कागदावर 'दीड महिन्याने डोसाला या' एवढंच लिहिलेलं असेल तर विचार, मधली तपासणी कधी? ज्या डॉक्टर ती तारीख स्वतः देतात, त्यांच्यावर माझा विश्वास बसतो. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत अंग पिवळं दिसलं, किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ झोपून राहू लागलं, प्यायला उठेना, तर तारखेची वाट बघायची नाही. कोवळं ऊन दाखवून ही कावीळ जात नाही. तिला लागतो तो निळ्या दिव्यांचा उपचार, आणि आधी रक्त तपासून आकडा. माहेरच्या गच्चीवर सकाळी बाळाला उघडं करून उन्हात धरण्याचा आग्रह होईल, तेव्हा हे सांग. ऑगस्टात कोल्हापुरात ऊन असतंच कुठं म्हणा.

आता जायचं कसं ते. पुढच्या आठ-दहा दिवसांत, अजून तुला चालवतंय तोवर, मिस्टरांना घेऊन शाहूपुरीच्या त्या दवाखान्यात जा. फोन करून आधी सांग की बाळ अजून झालेलं नाही, ओळख करून घ्यायला यायचंय, फी देणार आहे. यावर समोरून काय उत्तर येतं, यावरूनच निम्मं कळतं. तिथं गेलीस की पाच मिनिटं बाहेर बस. डोस द्यायला आलेली बाळं आणि तापानं फणफणलेली मुलं एकाच बाकावर आहेत का, की डोसांची वेगळी वेळ ठेवलीय? बाळाला हात लावण्याआधी हात धुतात का? रडणाऱ्या मुलाच्या आईशी काउंटरवरची मुलगी कशी बोलते? डॉक्टर आत असताना तुझा फोन तीच उचलणार आहे, हे लक्षात ठेव.

आत गेल्यावर पदवीची उलटतपासणी घ्यायची गरज नाही. पाटीवर बालरोगशास्त्रातली एमडी, डीएनबी किंवा डीसीएच असावी आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असावा, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत पडताळता येतो. एवढं पुरे. विचारायचं ते वेगळं. बाळंतपणाच्या वेळी तुम्ही हजर असाल का, की नंतर बघायला याल? सिझर झालं तरी पहिल्या तासात बाळाला पाजायला मिळेल का? तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हा तुमच्या जागी कोण? रात्री फोन कुणी उचलतं का, आणि उचलला नाही तर मी कुठं जायचं? बाळाला ॲडमिट करायची वेळ आली तर कुठं करता, तिथं नवजात बाळांचा आयसीयू आहे का? या शेवटच्या प्रश्नावर 'बघू तेव्हा' असं उत्तर आलं तर मला आवडणार नाही. डॉक्टरांचा स्वतःचा आयसीयू नसला तरी चालतो, त्यांनी पाठवायचं ठिकाण मात्र पक्कं असायला हवं.

तुझ्या बाबतीत या प्रश्नाचं वजन जास्त आहे, कारण तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली आणि माहेर शुक्रवार पेठेत. २०१९ चा पूर नेमका त्याच आठवड्यात आला, २०२१ चा जुलैच्या शेवटी. दोन्ही वेळा शाहूपुरीत कुंभार गल्लीत पाणी शिरलं, व्हीनस कॉर्नरला रस्त्यावर होड्या फिरल्या, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. तुमच्या गल्लीत काय झालं ते तुझ्या आई-बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणजे तू निवडलेल्या डॉक्टरांचा दवाखाना आणि तुझं माहेर, दोन्ही पाण्याच्या तोंडाशी आहेत. यासाठी डॉक्टर बदलायची गरज नाही. पण त्यांना थेट विचार, पुराच्या दिवसांत तुम्ही कुठं बसता? त्या दोन पुरांनंतर त्यांनी दुसरी सोय ठरवून ठेवलेली असेल. आणि घरात आत्ताच ठरवून टाका की पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की तू, बाळ आणि आई पाचगावला जाणार. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. पाचगाव उंचावर आहे, तिथून राजारामपुरीत यायला नदीकाठचा रस्ता लागत नाही, आणि मिस्टरांची कंपनीही त्याच बाजूला. पहिलं बाळंतपण माहेरीच हा रिवाज मला मान्य आहे, पण बाळंतिणीनं तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघावं इतका तो मोठा नाही.

रात्रीचं गणितही त्याच दिवशी कागदावर मांडा. खासगी आयसीयूचा रोजचा खर्च ऐकून घरात गोंधळ उडतो आणि त्या गोंधळात वेळ जातो, तो माझ्या डोळ्यांनी मी पाहिलेला आहे. दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळांचा विशेष विभाग आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. १०८ ची रुग्णवाहिका कुणालाही बोलावता येते. हे गरिबांचं म्हणून बाजूला सारू नकोस. खासगीत जायचं ठरवलं तरी सीपीआर हे दुसरं नाव म्हणून कागदावर असू दे. आणि कागदाच्या वरच्या भागात आईला मोठ्या अक्षरांत लिहून दे की कशासाठी लगेच निघायचं: बाळ प्यायचं बंद झालं, ताप आला किंवा अंग गार पडलं, श्वास मिनिटाला ६० च्या वर किंवा बरगड्या आत ओढल्या जातायत, झटका आला, ओठ निळसर झाले, उठवून उठेना. डिजिटल थर्मामीटर आजच आणून ठेव. कपाळाला हात लावून ताप कळत नाही.

लसींबद्दल फार लिहीत नाही, कारण इथं गोंधळ कमी आणि भीती जास्त आहे. जन्मल्यावर क्षयावरची बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बी. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस), पोलिओ, रोटाव्हायरस. न्यूमोनियाची लस दीड आणि साडेतीन महिन्यांना. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. हे सगळं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आणि पाचगावसारख्या गावात उपकेंद्रावर फुकट मिळतं, आणि ती लस कमी दर्जाची नसते. 'न दुखणारी' म्हणून खासगीत जी महाग लस मिळते तिनं ताप आणि सूज कमी येते, संरक्षण त्यामुळे जास्त मिळतं असं नाही. सरकारी यादीत नसलेल्या काही लसी, म्हणजे फ्लू, टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए, या डॉक्टरांशी बोलून परवडतील तशा घ्याव्यात. जे डॉक्टर आपणहून सांगतात की एवढे डोस केंद्रावर घ्या आणि हे दोन माझ्याकडं घ्या, ते तुझ्या पर्सचा विचार करतायत. कार्ड एकच ठेव, डोस कुठंही घेतला तरी त्याच कार्डावर शिक्का.

स्टार बघणं सोड. पार्किंग नव्हतं म्हणून एक स्टार देणारे आणि पाच मिनिटांत नंबर लागला म्हणून पाच देणारे, यातून बाळाबद्दल काय कळणार?

राहता राहिल्या सासूबाई. 'आमच्या वेळी कुठं होते स्पेशालिस्ट, पोरं वाढलीच की' असं त्या म्हणत असतील, तर त्यात राग कमी आणि काळजी जास्त आहे. आपण वाढवलेल्या पोराच्या पोराबाबतीत आपल्याला कुणी विचारत नाही, ही ती काळजी. ठरवून मग सांगायला जाऊ नकोस. बाळ झाल्यावरच्या पहिल्या तपासणीला त्यांना पाचगावहून बोलावून घे, म्हण, 'आई, मला तिथं काय बोलतील ते सगळं लक्षात राहायचं नाही, तुम्ही चला.' घुटीचा प्रश्न त्यांनाच विचारू दे. काजळाचा, टाळूवर तेल भरण्याचा, धुरीचाही. डॉक्टर सांगतील की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, घुटी नाही, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. तेलानं हलक्या हातानं मालिश खुशाल करा, नाका-कानात तेल सोडू नका. डोळ्यात काजळ नको. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि ओव्याची धुरी नको, तो धूर बाळाच्या छातीत जातो. हे तू सांगितलंस तर तो सुनेचा शहाणपणा ठरेल. डॉक्टरांनी सासूबाईंकडं बघून सांगितलं तर त्या घरी जाऊन नणंदेला सांगतील.

आणि तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघ. काही हुशार डॉक्टर घुटीचं नाव निघताच म्हाताऱ्या बाईला सगळ्यांसमोर झापतात. ज्ञान बरोबर असतं, पण त्या घरात ते ज्ञान टिकत नाही. घुटी बंद होत नाही, फक्त डॉक्टरांपासून लपवली जाते. 'आजी, तुमच्या हातचं मालिश मात्र रोज हवं हं' असं म्हणून घुटी सोडवणाऱ्या डॉक्टर मिळाल्या, तर शाहूपुरी कितीही लांब वाटली तरी त्यांनाच धर.

फॅमिली डॉक्टरांकडंही बाळाला एकदा नेऊन आण, पाया पडायला. सासूबाईंचा मान राहतो. त्यांनी तपासतो म्हटलं तर तपासू दे, काही लिहून दिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून मगच दे.

सहा महिन्यांनी, वर्षानं, तुला वाटलं की जमत नाही, प्रश्न विचारायला भीती वाटतेय, फोन उचलला जात नाही, तर डॉक्टर बदलायला लाजू नकोस. जाऊबाईंनीही बदललेच की. फक्त वजनाचा तक्ता, डोसांचं कार्ड आणि डिस्चार्जचा कागद एका फाईलमध्ये नीट ठेव, म्हणजे नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासूनचं सगळं वाचता येईल.